खराब मेमरीला वळसा

संध्याकाळी डेमो क्लास, आणि भरदुपारी लॅपटॉप माझ्या टेबलावर पुन्हा अडकला. समोर बबीन्याच्या छावणीतून आलेल्या शिंदेवहिनी. नवरा फौजेत सुभेदार. दर बदलीला यांची शाळेतली नोकरी सुटायची. ही ऑनलाइन शिकवायची नोकरी मिळाली, तर कुठेही सोबत जाणार होती.

लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचे मालक तिवारीजी. त्यांनी लांबूनच निदान केलं, "मैडम को नया दिखा दो." वहिनींनी हात जोडले. नव्याचं बजेटच नव्हतं.

मेमरी टेस्ट लावली. आठ जीबीतला चारच्या वरचा एक छोटा पट्टा खराब निघाला, दर फेरीला तोच. चिप बोर्डावरच सोल्डर केलेली, काढून बदलायची सोय नाही. पण मेमरी वाटून देतो तो कर्नल, म्हणजे सिस्टीमचा कारभारी. त्याला सुरू होतानाच एका ओळीत बजावता येतं, अमुक हद्दीच्या वर फिरकायचं नाही. मी चार जीबीची हद्द घातली.

अडकणं थांबलं. पण वहिनींनी कॅमेरा, फळा, पुस्तक सगळं उघडलं आणि लॅपटॉप रांगायला लागला. बघते तर हाताशी तीनच जीबी! चारच्या आतल्या बऱ्याच जागांचे नंबर ग्राफिक्स, वायफाय वगैरेंनी आधीच अडवलेले असतात. घाईत ते ध्यानातच नाही आलं.

वहिनी म्हणाल्या, "अहो ताई, एका फुटक्या फरशीपायी अर्धं घर बंद केलंत की. आमच्या क्वार्टरमध्ये मी तिच्यावर ट्रंक ठेवलीय."

मी हसले आणि तेच केलं. हद्द काढली. नवी ओळ लिहिली, तेवढाच पट्टा राखीव, कर्नलने हात लावायचा नाही. शेजारची थोडी चांगली मेमरीही सोडून दिली, उगाच धोका नको. रीस्टार्ट केलं. जवळजवळ सगळे आठ जीबी परत, आणि काम झक्कास.

बबीन्याला पोचायला वेळ नव्हता. तिवारीजींनी आपली केबिन दिली आणि स्वतः दारात उभं राहून गिऱ्हाइकांना दबक्या आवाजात बोलायला लावलं. आत वहिनी अपूर्णांक शिकवत होत्या. लॅपटॉप एकदाही अडकला नाही.

नोकरी लागली. परवा त्यांचा फोन आला, बदली जोधपूरला. मी आपलं धंद्यातलं सांगितलं, की बिघडलेली मेमरी आणखी बिघडू शकते, अधूनमधून टेस्ट लावत जा.

"लावीन," त्या म्हणाल्या. "आणि ताई, या वेळी राजीनामा लिहायचा नाहीये."