मालकीणबाईंची हरणा

हरणाबाई कुणाच्याही घरी गेल्या की थेट चांगल्यातल्या खुर्चीत बसायच्या. "टीव्हीवर लय उभी राह्यली मी," म्हणायच्या. एका जुन्या, गाजलेल्या मालिकेत त्यांनी देशमुखांच्या घरची मोलकरीण हरणा केली होती. तेव्हापासून सारं बडनेरा त्यांना याच नावाने ओळखे. त्या आमच्या शेजारीण.

मालिकेतल्या मालकीणबाई म्हणजे अमरावतीच्या कुसुमताई. पडद्यावर हरणाला हिडीसफिडीस करणारी ही बाई प्रत्यक्षात तिची जिवाची मैत्रीण. दोघी एका ताटात जेवायच्या. "नवऱ्यानं टाकलं मले, कुसुमनं नाई टाकलं," हे हरणाबाईंचं नेहमीचं वाक्य.

पुढे कापूस बुडाला, बुडतच गेला. बाई गावोगाव नाटकांत कामं करायच्या, ते प्रयोगही थांबले. "घरोघर सुतक, अन् आपन नाटक पाहा म्हनाव?" असं म्हणत बाई पापड लाटायला बसल्या. अशात बातमी आली, ती मालिका नव्याने निघतेय, जुन्या दोघींना घेऊनच. बाईंनी त्याच दिवशी पोळपाट फळीवर ठेवला. रोज संध्याकाळी मी मालकीण व्हायचे आणि त्या हरणाचे संवाद म्हणायच्या. एक शब्द इकडचा तिकडे होत नसे.

बोलावणं मात्र येईना. अकोल्याजवळ शूटिंग सुरू झाल्याचं कळलं, तेव्हा आम्ही दोघी पॅसेंजरने गेलो. तरुण दिग्दर्शक बाईंच्या पाया पडला आणि गोंधळला.

"कुसुमताई म्हणाल्या, तुम्हाला आता काहीच आठवत नाही. माणसंसुद्धा ओळखू येत नाहीत. म्हणून आम्ही दुसरी बाई घेतली." मग हळूच म्हणाला, "लोक अजून हरणाचीच आठवण काढतात हो."

पलीकडे कुसुमताई नथ घालून, नटून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बाई, एक प्रवेश म्हणून दाखवा ना!" मी कळवळून म्हणाले.

"कावून? तिले सगळ्यायपुढं खोटी पाडू?"

त्या वळल्या. गाडीत मात्र तोंडाला पदर लावून बडनेऱ्यापर्यंत रडल्या.

मालिका सुरू झाली. बाईंनी एकदाही पाहिली नाही. पापडांवर पुन्हा हात फिरू लागला. मग एका दुपारी कुसुमताई मिठाईचा डबा घेऊन दारात आल्या. "हरणे, रागावली का वं?"

हरणाबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. मग मला हाक मारली.

"पोरी, पाह्य बरं, ह्या बाई कोन व्हय? मले त मानसं ओळखू येत नाई."

कुसुमताईंचा पुढे केलेला हात तसाच राहिला. बाईंनी शांतपणे दार लावून घेतलं.