कामठीच्या गुलाबासाठी घराबाहेर पडलेली वहिनी

वहिनी गेली.

सकाळी भाच्याचा फोन आला, "आत्या, आई गेली."
मी विचारलं, कोणाची आई?

नव्वदी कधीच ओलांडलेली बाई गेली तर शॉक कसला, असं तुम्ही म्हणाल. मला बसलाय. नीट टाईप होऊन नाही राहिलं.

इंग्रजांच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. नागपूर तेव्हा सीपी-बेरार प्रांतात होतं. वहिनी नाशिकहून आमच्या घरात सून म्हणून आली. मी तिची शाळकरी नणंद.

माहेरून तिनं हौसेनं गुलाबाची रोपं आणली होती. आमच्या उन्हाळ्यानं ती सगळी जाळली.

बाबांनी नर्सरीतून दुसरी आणून दिली. तीही पुण्याकडून आलेली. तीही गेली.

बाबा म्हणाले, नागपुरात गुलाब टिकत नाही, नाद सोड.

लुगडी विकायला जवळच्या कामठीचा एक विणकर घरी यायचा. तो सहज बोलून गेला, की तिथल्या लष्करी छावणीत एका बंगल्याला भर मे महिन्यातही गुलाब फुललेला असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी घरात नव्हती.

आधी माडीवर पाहिलं. मग शेजारीपाजारी.
मग कोणीतरी परसातल्या विहिरीकडे पाहिलं, आणि आई मटकन खाली बसली.

ते अजून डोळ्यांसमोर आहे. शेजारच्या माणसांनी विहिरीत गळ सोडलेला. बाबा काठाला धरून वाकलेले, पाण्यात बघताहेत. दादा कचेरीतून धावत आलेला, त्याला दोघांनी धरून ठेवलेलं.

आणि मागच्या दारातून वहिनी आत आली.

चेहरा उन्हानं लालभडक. हातात ओल्या रुमालात गुंडाळलेलं एक गुलाबाचं फूल.

तिनं विचारलं, "काय पडलं विहिरीत?"



आई म्हणाली, "न सांगता काहून गेली वं तू?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

मला वाटलं, आता बाबा हिला माहेरी पाठवतात.

बाबा विहिरीच्या काठावर टेकले. त्यांनी त्या फुलाकडे पाहिलं.

"नसतं जाऊ दिलं," ते म्हणाले. "पावसाळ्यात मी येतो तुझ्यासंग."

आणि गेले. सासरा आणि सून, रेल्वेनं, गुलाबाच्या काड्या आणायला! आळीत किती दिवस तोच विषय होता.

काड्या रुजल्या. मग वहिनीनं नाशिकहून माहेरच्या गुलाबाच्या फांद्या मागवल्या. त्यांचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, सालीसकट काढून ते कामठीच्या झाडाच्या सालीत बसवले, सुतानं बांधले. हे ती तिच्या वडिलांकडून शिकली होती.

बरेच सुकले. दोन धरले.

पुढच्या मे महिन्यात कामठीच्या मुळांवर नाशिकचा गुलाब आमच्या अंगणात हिरवागार उभा होता. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवायचे.

वहिनी अलीकडे हुडकेश्वरला मुलाकडे राहायची. कालच संध्याकाळी तिचा फोन आला होता. आवाज एकदम ठणठणीत.

"कळमेश्वरला एका नर्सरीत देशी खुंटावर कलम केलेली गुलाबाची रोपं आलीत म्हणतात. रविवारी जाऊ. तू गाडी सांगून ठेव बरं."

मी सांगितली होती.

आता त्या ड्रायव्हरला काय सांगू?

वहिनी, तुझ्या नणंदेचा शेवटचा नमस्कार.
रविवारी मी जाऊन येते.