डाव्या अंगठ्याचा चाकू

चाकणच्या कंपनीत तीस वर्षं डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवलेले नागसेन ओव्हाळ निवृत्तीनंतर चिखलीतल्या गाळ्यात हातानं घडीचे चाकू बनवत. पातं मुठीत जरा जरी हललं, तरी त्यांना जेवण गोड लागत नसे.

राजगुरुनगरच्या शालनबाईंनी ऑर्डर देताना एवढंच सांगितलं होतं, "उजवा हात लकव्यानं गेलाय. डाव्या अंगठ्यानं उघडंल असा करा." नागसेननी महिनाभर खपून चाकू केला. पण त्या न्यायला आल्या तेव्हा तो काही केल्या उघडेना.

"अहो ताई, केसभर फट नाही त्यात!" नागसेन तडकले.

"नसंल. पर माझा अंगठा काय तुमच्या कंपनीत कामाला व्हता?"

नागसेननी उजवा हात खिशात घातला आणि डाव्या अंगठ्यानं पातं रेटून पाहिलं. त्यांनाही घाम फुटला. जन्मभर मशीनची मापं सांभाळली. या बाईचा अंगठा बघायचा मात्र राहूनच गेला होता.

मग त्यांनी पिन काढली, पातं घासलं, पुन्हा बसवलं आणि चाकू शालनबाईंच्या हातात दिला.

"अजून जड हाय."

सहाव्या खेपेला पातं टक्कन उघडलं. जरासं हलतही होतं. नागसेननी तिकडे कानाडोळा केला.

शालनबाईंनी पिशवीतून पेरू काढला, लुळा हात उचलून त्यावर टेकवला आणि सावकाश एक फोड कापली.

"खाऊन बघा," नागसेन म्हणाले.

"दोन वर्षं लोकांनी कापून दिलेलंच खातीय," त्यांनी फोड पुढे केली. "ही तुमी खा."