जुन्या शिडीची पट्टी

ओमेरचा डावा हात गेल्या हिवाळ्यापासून थरथरत होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ते फक्त दोघांनाच ठाऊक होतं, ओमेरला आणि त्याच्या बायकोला, गोदेलीव्हला. ओमेरने लगेच बजावलं होतं, सायकल क्लबात ब्र काढायचा नाही.

अडचण सायकलची होती. जुन्या सायकलींना गिअरच्या दांड्या खालच्या तिरक्या नळीवर असतात. गिअर बदलायचा तर उजवा हात हँडलवरून काढून खाली न्यायचा, आणि तेवढा वेळ सगळी सायकल त्या डाव्या हाताच्या हवाली. मार्चमध्ये तो दोनदा पडला. घरी येऊन म्हणाला, कुत्रं आडवं आलं.

मग त्याने बागेतली मोडकी शिडी कापली. तिच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीचे दोन तुकडे वाकवून, भोकं पाडून त्याने ब्रेकच्या मुठींवर बसवले, आणि दांड्या उचलून त्यांच्यावर आणल्या. म्हणजे मूठ न सोडता बोटाने गिअर. त्याने केलं म्हणायचं एवढंच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कानस चालली ती गोदेलीव्हच्या हातांनी. तो शेजारी बसून चुका काढत होता. टेबलक्लॉथ गेला तो गेलाच. पण एप्रिलभर तो पडला नाही.

मे महिन्यात औडेनार्डेजवळच्या त्यांच्या गावात जुन्या सायकलींची फेरी निघते. चर्चसमोर फिर्मिन एकेक सायकल तपासत होता. ओमेर आणि तो पोरवयापासून एकत्र सायकल मारत आलेले. फिर्मिनने ओमेरची सायकल पाहिली आणि हसू दाबलं.

"हे काय रे, कॉफीचं मशीन बसवलंयस?"

"गंमत म्हणून."

"गंमत छान आहे. पण दांड्या नळीवरच हव्यात. नियम कुणी घातला, सांगू?"

सांगायची गरज नव्हती. ओमेरनेच घातला होता, आणि त्याच नियमावर बोट ठेवून बेकरीवाल्या रॉजरला त्याने एका वर्षी परत धाडलं होतं. रॉजर आज रांगेत मागेच उभा होता.

गोदेलीव्हला एक वाक्य पुरलं असतं. फिर्मिन वाईट माणूस नव्हता. त्याने मान खाली घालून सोडलं असतं. तिने तोंड उघडलं तेवढ्यात ओमेरने तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात ती नजर तिने दोन-तीनदाच पाहिली होती.

"लीव्ह, पेचकस काढ," तो म्हणाला. त्याचा डावा हात खिशात होता.

ती गुडघ्यांवर बसली. दांड्या मुठींवरून काढल्या, नळीवर लावल्या, केबल ओढून घेतली. रॉजर म्हणाला, "घरी पण पाना हिच्याच हातात काय रे?" माणसं हसली. ओमेर सगळ्यात मोठ्याने हसला.

दांडीच्या मधोमध एक स्क्रू असतो. जितका पिळावा तितकी दांडी जड होते. तिने साखळी चढावरही चालेल अशा सगळ्यात हलक्या गिअरवर घेतली आणि स्क्रू मनगट दुखेस्तोवर पिळला. आता दांडी हलणारच नव्हती. म्हणजे हात काढायचं कारणच उरत नव्हतं.

ओमेरने दांडी बोटाने दाबून पाहिली. पुन्हा दाबली.

"घट्ट झालीय," तो हळूच म्हणाला.

"हो."

त्याने पेचकस मागितला नाही. टोपी नीट केली आणि निघाला.

सपाट रस्त्यावर त्या हलक्या गिअरमुळे त्याचे पाय लहान मुलासारखे भराभर फिरत होते. तो सगळ्यात मागे पडला. पडू दे, गोदेलीव्ह मनात म्हणाली, हात तेवढे वर ठेव.

कोपऱ्यावर चढ सुरू होतो. पुढच्यांचे उजवे हात एकामागून एक खाली गेले, खटखट आवाज झाले. आणि मागून, पन्नास वर्षांची सवय, ओमेरचाही गेला. दांडी जागची हलली नाही. त्याने जोर लावला. सायकल डावीकडे झोकांडली, गटाराच्या कडेपर्यंत गेली, कशीबशी सरळ झाली.

"ओमेर, हात वर," ती म्हणाली. बाजूला उभ्या फिर्मिनने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही.

ओमेरचा हात पुन्हा खाली जाताना तिने पाहिला. मग शेताच्या भिंतीआड रस्ता वळला. तिच्या कोटाच्या खिशात शिडीच्या पट्टीचे ते दोन तुकडे होते, आणि फेरी दुपारशिवाय परत येणार नव्हती.