भाऊजींचा धबधबा

माझ्या भाऊजींएवढ्या मोठ्या आवाजात बोलणारा माणूस जबलपुरात त्यांच्याआधी झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. नर्मदेच्या ग्वारीघाटावर उभं राहून त्यांनी अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, कानात एखादं गुपित सांगितलं तर पार पलीकडच्या काठाला लागलेला नावाडी 'हाँ बाबूजी' म्हणून नाव वळवायचा. आमच्या घरी काय भाजी झाली, नात्यात कोणाचं लग्न जुळलं आणि कोणाचं मोडलं, हे क्वार्टरच्या ओळीत कुणाला विचारावं लागत नसे. मी मॅट्रिक होऊन रेल्वेत कारकून म्हणून चिकटलो आणि वर्ध्याहून अक्काकडे राहायला आलो, तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटत होतं की मी आल्यामुळे हे गृहस्थ भयंकर संतापले आहेत. नवव्या दिवशी ते खरोखर संतापले आणि मग फरक कळला. संतापले की ते एक अक्षर बोलत नसत.

ते तोफांच्या कारखान्यात होते. नवी तोफ तयार झाली की ती माळावर नेऊन उडवून बघणारी एक तुकडी असे, तिच्यात त्यांची पंधरा वर्षं गेली होती. शर्टाच्या खिशात कापसाचे दोन बोळे कायमचे. पण ते बोळे कानात घालताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, कारण त्यांच्या मते तोफ डोळ्यांनी तपासणारे तपासोत, ती खरी कळते कानाला. आवाज ऐकून नळीत कुठे कसर आहे ते आपण सांगतो, असं ते सांगत आणि ते खरंही होतं म्हणतात. घरीही तोच अभिमान. गावातल्या प्रत्येक कारखान्याचा भोंगा ते सुरावरून ओळखत. रस्त्यावरून मोटार गेली की बसल्या जागेवरून चालकाची चूक काढत. अक्काने फोडणी टाकली की बाहेरच्या खोलीतून हुकूम यायचा, 'मोहरी अजून तडतडली नाही, थांब.' तिने कधी थांबल्याचं मला आठवत नाही.

चालणं हा त्यांचा दुसरा धर्म. जिथे पायी जाता येतं तिथे गाडीने जाणाऱ्या माणसाबद्दल त्यांना जी कीव वाटे, ती मी इतर कुठल्याच बाबतीत त्यांच्या चेहऱ्यावर पाहिली नाही. आम्हा सगळ्यांचा आवडता, नर्मदेवरचा धुवाधार त्यांना धबधबाच वाटत नसे. 'बड्या फुहाऱ्याच्या चौकात खव्याची जिलबी बांधून घ्यायची आणि ती संपायच्या आत जिथे पोचता येतं, तिथे बघायचं काय?' असा त्यांचा सवाल असे. त्यांचा स्वतःचा धबधबा निराळा होता. मझौलीकडे जाणाऱ्या पहिल्या मोटारीने निघायचं, मधेच एका आंब्याखाली उतरायचं, आणि साग, तेंदू, मोह यांच्या जंगलातून डोंगर चढत अडीच-तीन तास जायचं. पावसाळा सरता सरता, वर्षातून एकदा. बरोबर येणाऱ्याने आपल्या पोळ्या आपण आणायच्या, घड्याळ आणायचं नाही, आणि 'अजून किती लांब' असं विचारायचं नाही. विचारलं तर भाऊजी मागे फिरून पहिल्यापासून चालायला लावतील, अशी वदंता होती. स्वतः ते खाकी अर्धी चड्डी घालत आणि एक काळी छत्री घेत, जी पाऊस आला तरी उघडत नसत. छत्री दाखवायला असते, असं त्यांचं म्हणणं.

त्या वाटेवरच्या खुणांना त्यांनी नावं दिली होती, ती सगळी माणसांच्या फजितीवरून. शेजारचे हेडक्लार्क जिथे बसले आणि सरकारी हुकूम आला तरी उठणार नाही म्हणाले, तो हेडक्लार्कचा दगड. पोस्टमास्तर जिथून बसल्या बसल्या खाली आले, ती पोस्टमास्तरची घसरण. पहिल्याच वर्षी माझी पँट एका काटेरी झुडपाने मागून फाडली, तेव्हापासून त्या जागेला साळ्याचं झुडूप म्हणत. नव्या माणसाला ती जागा ते हिंदीत समजावून सांगत. त्यात माझी जास्तच शोभा होई.

पण खरा सोहळा पुढे होता. चढ संपला की दोन नाले एकत्र येत, आणि वाट तिथे संपत असे. उजवा नाला धरायचा की डावा, हे दरवर्षी बदलतं, असं भाऊजी सांगत. त्यांच्या या सांगण्याचा उद्देश पुढच्या प्रकारासाठी जागा करणं एवढाच असावा. ते हात वर करत. सगळ्यांनी श्वाससुद्धा जपून घ्यायचा. भाऊजी डोळे मिटून, मान किंचित कलती करून उभे राहत. जंगलात पानावर पान घासलेलं ऐकू येई. मग छत्री उठे आणि ते म्हणत, 'तिकडे. वाट डोळ्यांनी नाही, कानांनी शोधायची.' आणि पाव तासात आम्ही धबधब्यासमोर उभे असू. मी तीन वर्षं पाहिलं, तिन्ही वर्षं छत्री चुकली नाही.

चीनच्या लढाईनंतर कारखान्यात भरती वाढली, पाळ्या वाढल्या, आणि पासष्टच्या सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई सुरू झाली तेव्हा तर रविवारही गेला. काचांना काळे कागद लागले. माळावर दिवसभर तोफा उडत. भाऊजी बारा-बारा तासांनी घरी येत आणि ताटावर बसल्या बसल्या डुलत. त्या दिवसांतलं त्यांचं वागणं आम्हाला गमतीचं वाटायचं. अक्का म्हणाली, 'कणीक संपली,' तर हे ताटावरून उठले, टोपी घातली आणि विचारलं, 'कोण संपलं? कधी?' आणि कुणाच्या तरी मयतीला निघायला दारात उभे. मी हसून हसून बेजार. अक्का हसली नाही. मी कारण विचारलं नाही. कामाने माणूस थकला आहे, एवढंच मनात आलं. एकदा सकाळी ते चहा पिता पिता मला म्हणाले, 'भोंगा झाला काय रे?' भोंगा नुकताच होऊन गेला होता, खिडकीचे गज थरथरले होते. तेही मी थकव्याच्या खात्यात टाकलं.

लढाई थांबली. दसऱ्यानंतर कारखान्याला पहिला रविवार मिळाला, आणि भाऊजींनी छत्री काढली. या वेळी हेडक्लार्क आजारी होते, पोस्टमास्तरांची बदली झाली होती. मी एकटाच उरलो होतो. तेव्हा अक्का पदर खोचून पुढे आली आणि मी येते म्हणाली. लग्नाला बारा वर्षं झाली होती. तिला त्यांनी कधी चल म्हटलं नव्हतं, आणि तिनेही हट्ट धरला नव्हता. भाऊजींनी साडी, काटे, घसरण यांवर एक भाषण दिलं. ओळीतले सगळे शेजारी ते ऐकून जागे झाले. अक्का मोटारीच्या अड्ड्याकडे चालू लागली होती.

ती चांगली चालली. हेडक्लार्कच्या दगडाकडे तिने बघितलंही नाही. घसरणीवर मात्र ती भाऊजींच्या मागे अगदी दोन पावलांवर होती. माझ्या लक्षात आलं की ती वाटेकडे बघतच नाहीये, त्यांच्याकडे बघते आहे. मधे मागून एक गुराखी म्हशी घेऊन आला, 'बाबूजी, बाजू हो जाओ' म्हणून तीनदा ओरडला. भाऊजी वाटेच्या मधोमध चालत राहिले. अक्काने त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं, आणि ते असे दचकले की छत्री हातातून पडली.

दोन नाल्यांपाशी आम्ही पोचलो. भाऊजींनी हात वर केला. आम्ही गप्प राहिलो. पाणी त्या वर्षी मुबलक होतं. उजव्या बाजूने त्याची गाज इतकी स्पष्ट येत होती की डोळे मिटायची गरज नव्हती. भाऊजी डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले, नेहमीपेक्षा पुष्कळच. मग छत्री उठली आणि डावीकडे वळली.

मी तोंड उघडलं. अक्काने माझं मनगट असं दाबलं की बोटांचे वळ उठले. आम्ही डाव्या नाल्यात उतरलो.

अर्धा तास आम्ही चढत होतो. नाला कोरडा पडत गेला, करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी आत आल्या, अक्काची साडी तीन ठिकाणी काट्यांनी फाटली. पाण्याचा आवाज मागे राहून बारीक झाला. समोर दरड आली आणि वाटच उरली नाही, तेव्हा भाऊजी एका दगडावर बसले. कपाळ पुसलं. मग ते बोलले, आणि इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

'आटलं वाटते पाणी औंदा.'

अक्का त्यांच्यासमोर उकिडवी बसली, त्यांना तिचे ओठ दिसावेत अशी. 'पाणी आहे,' ती म्हणाली. 'खूप आहे. मला तर नाल्यापासून ऐकू येऊन राहिलं.'

'मग बोलली काहून नाही?'

'तुम्हाला ऐकू येत नाही, हे तुम्ही कधी बोलले मला?'

मी उगाच करवंदीची पानं तोडत उभा राहिलो. जावं तर कुठे जावं, आणि थांबावं तर कसं, हे कळेना. भाऊजी बराच वेळ छत्रीच्या टोकाने माती उकरत होते. मग हळूहळू निघालं. डावा कान गेल्या उन्हाळ्यात गेला होता. उजवा लढाईच्या दिवसांत जात होता. तोफ उडवण्याआधी माळावर शिट्टी होते आणि सगळे भिंतीआड जातात. पंधरा दिवसांपूर्वी ती शिट्टी त्यांना ऐकूच आली नाही. बरोबरच्याने बाही धरून ओढलं म्हणून वाचले. त्याला त्यांनी कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती.

'सांगितलं तर घरी बसवतील,' ते म्हणाले. 'कानाशिवाय माझ्यात काय आहे? मी दुसरं शिकलोच नाही काही.'

 अक्काच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीचाच होता, कणीक संपल्याचं सांगते तसा. 'शिट्टी ऐकू आली नाही म्हणून मला कुणी घरी येऊन सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं? तेवढं सांगा, मग चालू आपण.'

त्यांना हे सगळं ऐकू आलं की ओठांवरून कळलं, कोण जाणे. पण कळलं.  मग अक्का उठली आणि तिने त्यांच्या हातातून छत्री घेतली.

'चला. आता मी ऐकते, तुम्ही चाला.'

परत नाल्यांपर्यंत आलो आणि उजवीकडे वळलो. अक्का पुढे, मधे भाऊजी, मागे मी. पाव तासाने झाडं संपली आणि समोर दोन ताडांएवढ्या उंचीवरून पाणी कोसळत होतं, अर्ध्या डोंगरावर तुषार उडवत. तिथे कोणालाच कोणाचं ऐकू येत नव्हतं. मी ओरडलो ते अक्काला कळलं नाही, अक्का ओरडली ते मला कळलं नाही. तिघेही हातवारे करून बोललो, आणि खरं सांगतो, त्यात भाऊजी आम्हा दोघांपेक्षा फार तरबेज निघाले. ते थेट पाण्याच्या कडेपर्यंत गेले, चड्डी-शर्टासकट भिजले, आणि परत येऊन माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, 'येऊन राहिलं. थोडं थोडं येऊन राहिलं.' मग त्यांनी अक्काला हाताला धरून त्या तुषारांत नेलं. तिने पोळ्यांचं गाठोडंही खाली ठेवलं नाही. त्या दिवशी आम्ही पाण्यात बुडवलेल्यासारख्या पोळ्या खाल्ल्या.

सोमवारी ते कारखान्याच्या डॉक्टरकडे स्वतःच्या पायांनी गेले. घरी कुणी बसवलं नाही. नवी भरती झालेली शेकडो माणसं शिकवायला कुणी नव्हतं, तेव्हा त्यांना तिकडे घेतलं. तिथे ते तयार सुटे भाग हातात घेऊन, डोळे मिटून, बोटांनी त्यांतली कसर दाखवू लागले. महिन्याभरात ते आम्हाला पटवू लागले की कान वगैरे सगळं ठीक आहे, पण लोखंड खरं कळतं ते बोटाला.

पुढल्या वर्षी ऐकायचं यंत्र आलं, सिगारेटच्या पाकिटाएवढी डबी आणि तिची तार. ते कानात घालून भाऊजी पहिलं वाक्य बोलले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. 'मी इतक्यानं बोलतो?' त्यांनी अक्काला विचारलं. 'तेरा वर्षं झाली,' ती म्हणाली. तेव्हापासून ते इतके हळू बोलू लागले की क्वार्टरच्या ओळीत हळहळ पसरली. हेडक्लार्कीणबाई अक्काला येऊन म्हणाल्या, आजकाल तुमच्या घरचं काही कळत नाही हो. हेडक्लार्क स्वतः आले की भाऊजी खिशात हात घालून डबीचं बटण बंद करत आणि तासभर मोठ्या प्रेमाने मान हलवत बसत. ते गेल्यावर अक्काला विचारत, 'काय म्हणत होते?' अक्का एका वाक्यात सांगायची. पुष्कळदा तेवढंही लागत नसे.

धबधब्याची वारी चालूच राहिली, अक्काच्या हुकमतीखाली. तिने घड्याळावरची बंदी उठवली आणि वाटेत चहाचा स्टोव्ह सक्तीचा केला. मग माझी बिलासपूरला बदली झाली, लग्न झालं, मुलं झाली. दर वर्षी पाऊस ओसरला की भाऊजींचं एक कार्ड येतं: 'पाणी चांगलं आहे. ये.' आणि दर वर्षी काहीतरी निघतं. मुलांच्या परीक्षा, साहेबाची रजा, बायकोच्या माहेरचं कार्य. असं करता करता सात वर्षं गेली. आपल्याला अजून पुष्कळ पावसाळे आहेत, असं माणूस समजून चालतो.

परवा कार्ड आलं ते अक्काच्या अक्षरात होतं. भाऊजींचा हात आता कापतो, म्हणून ते सांगतात आणि ती लिहिते. तिने लिहिलं होतं, 'पाणी चांगलं आहे. ह्यांचे गुडघे नाही म्हणतात, पण हे जायचंच म्हणतात. माझ्या एकटीच्या आधाराने ते काही चढायचे नाहीत. दुसऱ्या बाजूने कोणीतरी पाहिजे.' खाली वाकड्यातिकड्या अक्षरात, बहुधा तिला न विचारता, त्यांनी एक शब्द घातला होता: 'ये.'

रजा मिळाली आहे. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने निघतोय.