टिकलीवालीचं दुकान

अमरावतीत माझ्या वहिनींचं फळांचं दुकान आहे. संत्री त्यांच्या वलगावच्या मळ्यातली. आधी हातगाडी होती. तिच्यावर एका जुन्या तैलचित्राची छापील प्रत टांगलेली असे: नऊवारीतली बाई, मांडीवर फळांची परडी, नजर थेट समोर. गिऱ्हाईकं खूण तीच सांगत, "त्या फोटोवालीकडून आण."

गाडीचं दुकान झालं तोवर चित्र उन्हानं विटलं होतं. तेच पाटीसाठी नव्यानं काढून द्यायचं माझ्या मुलीनं अंगावर घेतलं. ती अकोल्याला, आमच्या जठारपेठेतल्या घरी, संगणकावर चित्रं काढते.

चित्र झालं. बाई जांभळी. मी पट्टी लावून पाहिली, पंजा डोक्याच्या तिप्पट.

"माप चुकलं."

"चूक नाही बाबा, शैली आहे."

चेहऱ्यावर नाक-डोळे काहीच नव्हते. तीही शैलीच असणार म्हणून मी गप्प बसलो. घरात शांतता राखण्याची माझीही एक शैली आहे.

आम्ही दोघं अमरावतीला गेलो, पाटी लागली. वहिनी खालून बराच वेळ बघत राहिल्या.

"पोरी, हिले तोंड काहून नाही वं?"

"मोठ्याई, आता अशीच काढतात. बघणाऱ्यानं तिच्यात आपला चेहरा पाहायचा."

"मंग आरसाच टांगला असता! सस्त्यात झालं असतं."

एक जुनं गिऱ्हाईक दुकानावरून दोनदा पुढं गेलं, मग परत आलं.

"इथं संत्रेवाली बसत होती, कुठी गेली?"

"मी काय तुमाले दिसून नाही राहिली, भाऊ?"

"तुमी दिसता. दुकान दिसून नाही राहिलं. मले वाटलं, ब्युटी पार्लर निघालं."

संध्याकाळी निम्मी संत्री तशीच पडून होती. वहिनींनी गल्ल्यातलं टिकल्यांचं पाकीट काढलं, क्रेटवर चढल्या आणि त्या कोऱ्या तोंडावर एक मोठी लाल टिकली दाबून बसवली.

"मोठ्याई! वाटोळं केलं तुम्ही चित्राचं."

"कपाळ कुठी हाय, ते तं कळलं!"

मुलगी रुसली. तरी तिनं फोटो काढून मित्रमंडळींना पाठवला. तिकडून इतकी वाहवा आली, की सकाळपर्यंत टिकली मूळ संकल्पनेतच होती असं ती मला समजावू लागली.

गिऱ्हाईकं परत आली. दुकानाला आता 'टिकलीवाली' म्हणतात. काही बाया मात्र पाटी पाहून टिकल्याच मागतात. आलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? वहिनींनी संत्र्यांशेजारी टिकल्यांची पाकिटंही लटकवली आहेत.