लाहूचा होकार

सायवनच्या पलीकडच्या पाड्यावर लाहूइतका कामसू माणूस शोधून सापडला नसता, आणि तेच मेलं त्याच्या मुळावर आलं. जमीनदार शेटनं हाक मारली की हा उठलाच. गवत कापायचंय? हो. छप्पर शाकारायचंय? हो. ऐन सणाच्या दिवशी गाडी जुंपायचीय? तेही हो. नाही म्हणणाऱ्याचं शेटच्या अंगणात काय व्हायचं, ते त्यानं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे मारहाण थांबली, वेठ उठली, पण लाहूची मान हलायची ती हलतच राहिली.

मग कुळकायदा आला. कसेल त्याची जमीन. शेटच्या मालकीचं ओढ्याकाठचं दोन एकर भातशेत लाहू वीस वर्षं कसत होता. त्याची बायको हिरी त्याच्या जोडीनं तिथं राबली होती. आता सरकारी साहेब गावात येऊन एकेका कुळाला विचारणार होता, जमीन घेतोस का? जन्मभर हो म्हणत आलेल्या माणसाला आणखी एकदा हो म्हणायचं होतं. याहून सोपं काय असतं, सांगा!

हिरी मात्र नवऱ्याला पुरती ओळखून होती. आठ दिवस तिनं त्याच्याकडून घोकून घेतलं. भात कांडता कांडता विचारायची, जेवायला वाढताना विचारायची. लाहू ठणकावून सांगायचा, घेतो, माझीच हाय. तिला धीर आला.

त्या दिवशी आंब्याखाली साहेबाचं टेबल मांडलं होतं. शेट आधीच येऊन बसला होता. त्यानं डोळे वटारले नाहीत की दम दिला नाही. कशाला देईल? लाहूला बघून नुसता हसला आणि खुर्ची जरा सावलीत घे म्हणाला. लाहूनं घेतली. एवढ्यानं काय बिघडतंय, म्हातारा माणूस आहे, असं त्याच्या मनात आलं. थोड्या वेळानं शेटला पाणी हवं झालं. त्यानं आणून दिलं. मग सावली सरकली, तेव्हा शेट म्हणाला, छत्री धर. लाहू छत्री धरून मागे उभा राहिला. हिरी गर्दीतून खुणावत होती, इकडे ये. त्याला दिसत होतं, पण छत्री सोडायची कशी?

तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं. साहेब भला होता, त्यानं सावकाश समजावून विचारलं. लाहूची नजर शेटकडे गेली.

"जमीन माझ्याकडंच राहू दे," शेट म्हणाला. "काय रे लाहू?"

"हो जी."

आणि खोटं कशाला बोला, म्हणताक्षणी त्याला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं. चुकलं की माणसाच्या काळजात धस्स होतं म्हणतात. कुठलं धस्स आणि कुठलं काय! सवयीचं केलं की आधी हायसंच वाटतं.

हिरी गर्दी फोडून पुढे आली. जमीन आम्हीच कसतो, आम्हाला हवी आहे, असं तिनं रडत सांगितलं. साहेबानं लिहायचं थांबवलं. अजून सगळं हातात होतं.

"बायको म्हणते ते खरं का?" त्यानं लाहूला विचारलं.

सगळा पाडा बघत होता. एकदा दिलेला शब्द शेटच्या तोंडावर फिरवायचा?

"बाईमाणूस हाय, साहेब," तो म्हणाला. "तिला काय कळतंय."

साहेबानं लिहिलं, लाहूनं अंगठा उठवला. शेट उठून गेला, जाताना त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरची वाट अर्धी सरली तरी हिरी बोलेना. लाहूला ते सोसेना. शिव्या तरी दे, असं तो शेवटी म्हणाला.

"शेटनं हिसकून नेली असती, तर त्याला दिल्या असत्या," हिरी म्हणाली. "तू आपल्या हातानं दिलीस. तुला काय देऊ?"

पुढच्या लावणीला दोघं त्याच शेतात मजुरीनं गेली.